एमआरआयमध्ये ‘टिअर’ निघालाय, वय अठ्ठावन्न, आणि परत बॅडमिंटन खेळायचंय

आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी खांद्याच्या एमआरआयचा रिपोर्ट टाकतंच. फोटो वाकडा, अर्धा मजकूर अंगठ्याखाली, आणि खाली एकच प्रश्न, "आता खेळ बंद का?" रिपोर्टची भाषा अशी की धडधाकट माणसाचंही अवसान गळावं. सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस विथ पार्शियल थिकनेस टिअर, माइल्ड बर्सायटिस, एसी जॉइंट आर्थ्रोपथी. साध्या भाषेत, खांद्यातली एक दोरी झिजून अर्धवट फाटलीय (तोच टिअर), थोडी सूज आहे आणि खांद्यावरचा छोटा सांधा झिजलाय. मग उत्तरं सुरू होतात. एक म्हणतो ऑपरेशन करून मोकळे व्हा, दुसरा कुठल्यातरी तेलाचं नाव पाठवतो, तिसरा म्हणतो आता वय झालं, तळजाईच्या टेकडीवर चालायला जा, कशाला उड्या मारताय. ज्या शहरात या खेळाचे सुरुवातीचे नियम लिहिले गेले, ज्या शहरावरून त्याला एकेकाळी 'पूना' म्हणायचे, तिथे पन्नाशीचा माणूस रॅकेट खाली ठेवेल ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि आता तर पिकलबॉलपण आलंय.

मी डॉक्टर नाही, पण या विषयावर बरंच वाचलंय आणि बरेच खांदे जवळून बघितलेत. मला दिसलेलं असं, की जास्त घोळ दोन टोकांना होतो. एक तर लोक महिनोन्महिने हात जपत बसतात, नाहीतर चार दिवस बरं वाटलं की थेट कोर्टवर जाऊन पहिल्याच दिवशी स्मॅश मारतात. खांद्याला लागतं ते या दोन्हीच्या मधलं, म्हणजे मोजून दिलेलं आणि हळूहळू वाढवत नेलेलं ओझं. वयानं फक्त वेग कमी होतो, नियम बदलत नाही.

खांदा मुळात इतका कटकटीचा का

खुब्याचा सांधा बघा, मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि वाटी एवढीशी, उथळ. कुठल्याही क्षणी गोळ्याचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच वाटीला टेकलेला असतो. शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवा, डिट्टो तोच प्रकार. याच उथळपणामुळे आपण पाठ खाजवू शकतो, बॉलिंग टाकू शकतो, वरच्या फळीवरचा डबा काढू शकतो. पण लिंबू चमच्यात राहावं म्हणून कोणीतरी सतत सांभाळत राहावं लागतं.

ते सांभाळायचं काम चार छोटे स्नायू करतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलारिस. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, यापुढे नुसतं कफ म्हणू. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथली पांढरी दोरी म्हणजे टेंडन. दंडावरचा मोठा गुबगुबीत स्नायू, डेल्टॉइड, हात वर ओढतो, पण तो एकटा ओढायला लागला तर गोळा वाटीत वर सरकतो. कफ त्याच वेळी गोळ्याला मध्यावर धरून ठेवतो. शर्यतीत पळायचं काम पायांचं, पण शर्यत हरायची की नाही ते चमचा धरलेल्या हाताच्या त्या बारीक बारीक हालचालींवर ठरतं, तेच इथे.

अजून एक, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं, की चमचासुद्धा हलतो. वाटी ज्या हाडावर आहे ते पाठीवरचं चपटं त्रिकोणी हाड, त्याला आपण पातं म्हणू. हात वर जातो तेव्हा पातंही फिरतं आणि तिरकं होतं, आणि पातं फिरायला पाठ मोकळी लागते. आत्ता बसल्या जागी करून बघा. पोक काढून, मान पुढे घालून, मोबाइल बघतो तसं बसा आणि हात वर करा. कुठे अडतो ते लक्षात ठेवा. आता ताठ बसा, छाती जरा उघडा, परत हात वर करा. चांगला फरक पडतो की नाही? हिंजवडीत वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाचा खांदा दुखतो तेव्हा कधीकधी खांद्याइतकीच पाठ कारणीभूत असते, आणि पाठीवर काम न करता नुसतं खांद्याला शेकत बसलं तर वर्ष जातं.

"पण रिपोर्टात फाटलंय असं लिहिलंय की हो"

लिहिलं असेल. पण १९९५ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ लोकांचा एमआरआय काढला. चौतीस टक्के लोकांच्या कफमध्ये टिअर निघाला. साठीपुढच्यांमध्ये तर चोपन्न टक्के. म्हणजे साठीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांचं काही ना काही फाटलेलं होतं आणि ते मजेत फिरत होते, कोणालाही पत्ता नव्हता.

याचा अर्थ रिपोर्ट खोटा असं नाही. अर्थ एवढाच की पन्नाशीनंतर टिअर दिसणं आणि टिअरमुळेच दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसत्या फोटोवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी कोणीतरी तुमचा हात हातात घेऊन तपासावा लागतो, कुठल्या दिशेला ताकद कमी आहे, कुठे अडतो, कुठे नुसताच दुखतो ते बघावं लागतं. रिपोर्ट फक्त व्हॉट्सअॅपवर बघून ऑपरेशनचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, तो तुमचा मेहुणा असला तरी.

मात्र इथे एक मोठा अपवाद आहे. टिअर हळूहळू झिजून होतो तो एक प्रकार आणि पडून, झटका बसून एकदम होतो तो दुसरा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, हात टेकून पडलात, आणि त्या क्षणापासून हात वर उचलताच येत नाही, दुसऱ्या हातानं धरून उचलावा लागतो, असं असेल तर "बघू दोन महिने" असं करायचं नाही. ऑर्थोपेडिक सर्जनकडे त्याच आठवड्यात जायचं, कारण तुटलेला स्नायू आत आखडत जातो, त्यात चरबी भरायला लागते, आणि उशीर झाला की शिवणं अवघड होतं. तसंच पडल्यावर खांद्याचा आकारच बदललेला दिसला किंवा हाताला मुंग्या येऊन बधिरपणा आला तर त्याच दिवशी. आणि डाव्या खांद्यात दुखतंय, सोबत घाम फुटलाय, छातीत दाटल्यासारखं होतंय, धाप लागतेय, तर तो खांद्याचा विषयच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

"व्यायामानं फाटलेलं शिवलं जातं का?"

नाही. स्पष्टच सांगतो, पूर्ण फाटलेला टेंडन व्यायामाचं रबर ओढून जुळत नाही. मग व्यायामाचा उपयोग काय, हा प्रश्न बरोबर आहे.

उपयोग असा की चौघांपैकी एकाचं काम कमी झालं तर उरलेले तिघं, डेल्टॉइड आणि पात्याचे स्नायू मिळून ते काम वाटून घ्यायला शिकतात. लिंबू सांभाळलं जातं, फक्त सांभाळणारे वेगळे. अमेरिकेतल्या काही शोल्डर सर्जन मंडळींनीच मिळून याचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो छापून आला. पूर्ण जाडीचा टिअर असलेले, पण अपघातानं न झालेला, असे ४५२ पेशंट घेतले आणि सगळ्यांना आधी ठरावीक व्यायाम दिले. दोन वर्षांनंतर चारातल्या एकापेक्षाही कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. आणि ज्यांनी केलं त्यातल्या बहुतेकांनी ते पहिल्या बारा आठवड्यांतच ठरवलेलं. पुढे याच मंडळींनी तपासलं की कोण ऑपरेशनकडे जातं, तर टिअर केवढा यापेक्षा "व्यायामानं मला फरक पडेल असं वाटत नाही" हे मत जास्त वजनदार निघालं. मला तर हे वाचून आमचे दोन-तीन मेंबर डोळ्यासमोर आले.

पण म्हणून एकदा बरं वाटलं की विषय कायमचा संपला असंही नाही. काही टिअर वर्षानुवर्षांत मोठे होतात. ताकद मध्येच घसरायला लागली, रात्रीचं दुखणं परत आलं, तर सोनोग्राफी करून बघायला हरकत नाही, ती एमआरआयपेक्षा स्वस्तपण पडते.

इंजेक्शन आणि ऑपरेशनचं काय

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं आणि त्या काळात व्यायाम करता आला तर ते कामाचं आहे. पण इंजेक्शन घ्यायचं, बरं वाटलं की खेळायचं, दुखलं की परत घ्यायचं, हे चक्र वाईट, कारण वारंवार घेतलं तर टेंडन कमजोर होऊ शकतो. डायबेटिस असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाते, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

ऑपरेशनमध्ये दोन प्रकार वेगळे ठेवा. एक म्हणजे फाटलेलं शिवणं. दुसरा म्हणजे वरचं हाड घासून जागा करून देणं. हा दुसरा प्रकार कित्येक वर्षं जोरात चालला, कारण १९७२ पासून एक कल्पना पक्की बसली होती की वरचं हाड टेंडनला घासतं म्हणून दुखतं. मग ब्रिटनमध्ये ३१३ लोकांचे तीन गट केले, एका गटाचं खरंच हाड घासलं, दुसऱ्याच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्याला काहीच केलं नाही. २०१८ मध्ये निकाल आला, खरं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण यात फरकच नाही, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा जो थोडा फरक पडला तोही फारसा कामाचा नाही. तेव्हा कोणी "हाड घासून टाकू" एवढंच म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

शिवण्याचं ऑपरेशन गरज असेल तिथे चांगलंच आहे. सचिनच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन २००६ मध्ये झालं आणि एकदिवसीय क्रिकेटमधलं ते द्विशतक २०१० चं आहे. फक्त त्याच्याकडे पूर्णवेळ फिजिओ होता आणि आपल्याकडे सोसायटीची जिम, जिथे निम्म्या मशीनवर टॉवेल वाळत घातलेले असतात. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात पट्ट्यात, ताकदीचे व्यायाम तीनेक महिन्यांनी, खेळ सहा महिन्यांच्या पुढेच. आणि वय वाढेल तसं शिवलेलं परत उसवायची शक्यताही वाढते. म्हणजे ऑपरेशन केलं म्हणून व्यायाम चुकत नाही, उलट तो जास्त शिस्तीत करावा लागतो.

"आराम केला की होईलच की बरं"

पहिले काही दिवस, हो. त्यानंतर नाही. बर्फ आणि आराम हा सल्ला ज्या चार इंग्रजी अक्षरांत आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, राइस (रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन), तो १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरनं दिला आणि नंतर त्यानंच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींमुळे बरं व्हायला उशीरच होऊ शकतो. दुखणं तात्पुरतं दबायला बर्फ लावा, हरकत नाही, पण तो इलाज नाही.

टेंडनला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सावकाश बदलतो, पण बदलतो तो ओढ मिळाली तरच. ओढच नाही मिळाली तर आणखी कमजोर होतो, आणि मग साधं गाडी डबल स्टँडला लावतानाही कळ निघते. माणूस म्हणतो बघा, आराम करूनसुद्धा वाढलं. अहो, आराम करून वाढलं.

शुगर असलेल्यांनी इथे जास्त सावध राहायचं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासानुसार देशात दहा कोटींच्या वर डायबेटिसचे लोक आहेत, आणि डायबेटिसमध्ये फ्रोजन शोल्डर कितीतरी जास्त होतो. यात सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडतं. ओळखायची साधी खूण सांगतो. कोपर बरगडीला चिकटवून नव्वद अंशात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा, मग दुसऱ्या कोणालातरी तो हलकेच अजून फिरवायला सांगा. कफ फाटला असेल तर तुम्हाला जमत नाही पण दुसऱ्याला सहसा फिरवता येतो. फ्रोजन असेल तर दुसऱ्यालाही येत नाही, दारच अडकल्यासारखं. फ्रोजन शोल्डर एक ते तीन वर्षंसुद्धा चालतो, त्याचे व्यायाम वेगळे, जोर लावून ताणायचं तर अजिबातच नाही, म्हणून पुढचं वाचून लगेच रबर ओढायला घेऊ नका, आधी तपासून घ्या. मालिशवाल्याकडून झटका देऊन मोकळा करून घेणं तर विसराच.

दुखलं तर किती चालतं

शून्य दुखलं पाहिजे असा हट्ट धरला तर काहीच करता येणार नाही. फिजिओ लोक साधारण असा हिशोब वापरतात, की शून्य ते दहामध्ये तीन-चारपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्याइतकं खाली आलं पाहिजे. आलं नाही तर वजन कमी करा किंवा सेट कमी करा, व्यायाम बंद नका करू. रात्री त्या कुशीवर झोपून जाग येते का, ही दुसरी खूण. दुसऱ्या कुशीवर झोपून पुढे उशी कवटाळली, किंवा पाठीवर झोपून कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवला, तर बऱ्याच जणांची झोप सुधारते.

आणि सकाळी साडेपाचला पोहायच्या टाकीवर किंवा कोर्टवर पोचलात तर पहिली दहा मिनिटं काहीही जोराचं नाही. पंचविशीत चालायचं, आता नाही चालत.

बरं, मग करायचं काय

सुरुवात अगदी बावळट वाटेल अशी असते. डायनिंग टेबलसमोर खुर्चीत बसा, टेबलावर पंचा, त्यावर पंजा, आणि पंचा पुढे सरकवत कमरेतून वाका. हात आपोआप वर जातो आणि त्याचं वजन टेबल घेतं. त्याच्या जोडीला भिंतीचे व्यायाम. भिंतीला बाजू करून उभं राहायचं, कोपर वाकवून अंगाला चिकटवायचं, आणि मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबायची. काहीच हलत नाही, नुसतं दाबायचं, तीसेक सेकंद, पूर्ण ताकदीच्या निम्म्यानं, चार-पाच वेळा. न हलवता दाबायच्या या व्यायामात सांधा फिरत नाही म्हणून दुखऱ्या खांद्यालाही तो सोसतो, काहींचं दुखणंही त्यानं तात्पुरतं कमी होतं.

मग रबर. मेडिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन थेराबँड मिळतो, रंगावरून ताकद ठरते, सगळ्यात पातळ घ्या आणि अजिबात लाज वाटू देऊ नका. दाराच्या कडीला गाठ मारा, दार बंद करा, घरच्यांना सांगून ठेवा की इकडून उघडू नका (हे महत्त्वाचं आहे, आमच्याकडे एकाच्या तोंडावर रबर बसलंय). कोपर आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी धरायची. आता पंजा पोटापासून बाहेरच्या दिशेला न्यायचा, दोन सेकंदात बाहेर आणि तीन-चार सेकंदात परत आत. सगळी मेख त्या परत येण्यात आहे. रबर तुम्हाला ओढून नेतं आणि तुम्ही त्याला हळूहळूच जाऊ देता, तिथेच कफला खरं काम पडतं. गुंडाळी खाली पडली की समजायचं कोपर उचललं गेलं आणि मोठ्या स्नायूनं काम चोरलं. पहिल्या दिवशी ती दहात चार-पाच वेळा पडते, सगळ्यांचीच पडते. खांदा कानाकडे चढतोय का ते बघायला आरसा बरा.

त्याच रबरावर दोन्ही हातांनी मागे ओढायचं, वल्हवल्यासारखं, पाती एकमेकांजवळ आणत. आणि पात्यासाठी भिंतीवरचे पुशअप, मग किचनच्या ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, जमिनीवर सगळ्यात शेवटी. खाली उतरायची ही क्रमवारी काही लोकांना सहा महिने पुरते आणि ते बरोबरच आहे.

रबर सोपं झालं की वजन. कुशीवर झोपून, दुखरा हात वर, कोपर अंगाला, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, म्हणजे झालं अर्धा किलो, आणि रबरासारखाच पंजा पोटापासून वर न्यायचा, सावकाश परत आणायचा. उभं राहून हात वर उचलायचा तो नाकासमोर नाही आणि अगदी बाजूलाही नाही, दोन्हीच्या मधल्या तिरक्या रेषेत, अंगठा वर. या रेषेत वाटी आणि गोळा नीट समोरासमोर येतात. आणि एक व्यायाम जो कोणी व्यायाम म्हणून करत नाही, मंडईतून भरलेली पिशवी एका हातात घेऊन खांदा न झुकवता चालणं. मस्त काम होतं कफचं, आणि भाजीपण येते.

आता किती. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दोन-तीन सेट, प्रत्येकात आठ ते बारा वेळा, आणि शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. हे शेवटचं वाक्य लोक गाळतात. त्याच पातळ रबरावर महिनोन्महिने तीस-तीस वेळा हात हलवत बसतात आणि म्हणतात फिजिओथेरपीनं काही होत नाही. सोपं झालं की वाढवायचं, पण एका वेळी एकच गोष्ट, वजन तरी किंवा वेळा तरी किंवा दिवस तरी. आणि निकालासाठी बारा आठवडे धरून चला. दुखणं आधी कमी होतं, ताकद नंतर येते, आणि या मधल्या काळातच माणूस कोर्टवर धावतो.

"साठीत कुठली ताकद येणार?"

१९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो अभ्यास मांड्यांचा होता, खांद्याचा नाही, पण स्नायू इकडचा काय आणि तिकडचा काय, ओझं मिळालं की वाढतो. आणि चंदीगडच्या मन कौर यांनी तर ९३ व्या वर्षी ॲथलेटिक्स सुरू केलं, २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०१ व्या वर्षी शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं आणि भालासुद्धा फेकला.

खरा प्रॉब्लेम आपल्याकडे ताटात आहे. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साधारण सत्तर ते सत्त्याऐंशी ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-वरणभात, रात्री खिचडी, यात ते निम्म्याच्या आसपास येतं. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, तेही घट्ट असेल तर. अंडं सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम सोया चंक्स पंचवीस. पोह्यांबरोबर दोन अंडी किंवा मटकीची उसळ एवढ्यानंही फरक पडतो. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि तंबाखू, सिगारेट असेल तर टेंडन भरून यायला वेळ लागतो.

परत कोर्टवर, परत पाण्यात

दुखऱ्या हाताची ताकद चांगल्या हाताच्या जवळपास आली, हात पूर्ण वर जातो, रात्री झोप लागते, मग खेळ. बॅडमिंटनमध्ये आधी नेटवरचे शॉट आणि ड्राइव्ह (सपाट फटके), मग क्लिअर (उंच, मागच्या रेषेपर्यंत), सगळ्यात शेवटी स्मॅश, आणि तोही आधी मोजून थोडे. डबल्समध्ये पार्टनरला सांगून पुढे उभं राहा, इगो बाजूला. स्मॅशची ताकद पाय आणि कमरेतून यायला हवी, पाय हलले नाहीत आणि मागे वाकून नुसत्या हातानं मारलं की सगळा भार कफवर. साठीच्या बऱ्याच खांद्यांचा इलाज खरं तर फुटवर्कमध्ये आहे, पण ते ऐकायला कोणाला आवडत नाही.

पोहणाऱ्यांची वेगळी गंमत. टिळक तलावावर असो की सोसायटीच्या टाकीत, खांदा दुखतोय म्हटलं की कोच हातात किकबोर्ड देतो. पण हात लांब पुढे ताणून बोर्ड धरणं ही दुखऱ्या खांद्यासाठी वाईट पोझिशन आहे. त्यापेक्षा हात अंगाशी ठेवून पाठीवर किक मारा. फ्रीस्टाइलमध्ये पंजा अंगठ्याकडून पाण्यात घालायची सवय असेल तर सोडा, बोटं आधी, तळवा खाली, आणि अंग दोन्ही बाजूंना नीट वळू द्या. पंजाला लावायचे पॅडल इतक्यात नाहीत.

क्रिकेटवाल्यांनी सुरुवातीला बाउंड्रीवरून थ्रो मारायचा नाही, स्लिपमध्ये उभं राहायचं, कॅच सुटले तर सुटले.

आणि सूर्यनमस्कार? जोर?

हा प्रश्न पुण्यात येणारच. सूर्यनमस्कारात हात वर नेऊन मागे वाकणं आणि हातांवर वजन घेणं या दोन जागा खांद्याला जड. सुरुवातीला मागे वाकणं सोडा, आणि हातांवर वजन येणाऱ्या स्थिती जमिनीऐवजी ओट्यावर किंवा पलंगाच्या कडेवर हात ठेवून करा. साष्टांगाला गुडघे आधी टेकवा, मग छाती, सावकाश, धपकन नाही. तालमीतले जोर त्याहून अवघड, कारण त्यात अंग खाली जाऊन पुढे सरकतं आणि वजन घेतलेल्या अवस्थेत खांदा फिरतो. जमिनीवरचे साधे पुशअप दहा-बारा नीट, न दुखता निघायला लागले की मग जोर, आधी गुडघे टेकवून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा काय म्हणतोय ते बघून पुढचे.